इलेक्ट्रिक फायरप्लेसची लाकडी फ्रेम: सुरुवात करणाऱ्यांसाठी

आधी फायरप्लेसचं युनिट (हीटर असलेलं तयार यंत्र) घरी येऊ द्या, मगच लाकूड कापा. खाच केवढी हवी ते मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. अंदाजाने कापलं की हवेची जाळी झाकली जाते आणि हीटर तापून आपोआप बंद पडतो.

फ्रेमला दोन बाय दोन इंचाच्या नीट वाळलेल्या लाकडी पट्ट्या घ्या. उभ्या पट्ट्या मध्यापासून मध्यापर्यंत 16 इंचांवर ठेवा, म्हणजे 4 फुटी प्लायचा जोड बरोबर पट्टीवर येतो. फ्रेमचे दोन्ही कर्ण (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं माप) सारखे भरले, म्हणजे फ्रेम काटकोनात आहे, तरच भिंतीला स्क्रू मारा. ठाण्याच्या पावसात बाहेरची भिंत ओल धरते, साधा प्लाय फुगतो. म्हणून आतली भिंत निवडा, प्लाय बीडब्ल्यूपीच (उकळत्या पाण्यातही टिकणारा) आणा.

हीटर 1500-2000 वॉटचा असेल तर 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. खऱ्या ज्वाळेच्या युनिटला मात्र ही फ्रेम वापरू नका.