पडद्याला चिकटलं की एन्झाइम जोरात का चालतं?

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. एन्झाइम लिपिडच्या (स्निग्ध रेणूंच्या) पटलाला जोडलं तर त्याचा वेग वाढतो असं सर म्हणाले. पण बांधून ठेवलेली वस्तू मंदावायला नको का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, मंदावतंही. विद्यार्थिदशेत मी एक एन्झाइम रासायनिक जोडणीने लायपोसोमवर (लिपिड-पटलाच्या सूक्ष्म पिशवीवर) चिकटवलं आणि क्रियाशीलता निम्म्याहून खाली आली. आठवडाभर बफरला (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणाला) दोष देत बसलो. खरं कारण साधं होतं : जोडणी लायसिन या अमिनो आम्लावर होत होती आणि लायसिन रेणूवर सगळीकडे विखुरलेले. त्यामुळे कित्येक रेणू सक्रिय केंद्र (जिथे क्रिया घडते ती जागा) पटलाकडे करून, तोंड लपवून बसले होते.

आता उलट बाजू. रक्त गोठताना प्रोथ्रोम्बिनचं थ्रोम्बिन करणारं एन्झाइम, घटक १०अ, एकटं अगदीच संथ असतं. फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड असलेलं पटल, कॅल्शियम आणि सहघटक ५अ मिळाले की वेग सुमारे ३ लाख पटींनी वाढतो! यात पटलाचा वाटा असा, की प्रोथ्रोम्बिनही त्याच पटलावर येऊन बसतं. शोध त्रिमितीऐवजी द्विमितीत होतो, गाठ लवकर पडते.

लायपेजची, म्हणजे स्निग्ध पदार्थ तोडणाऱ्या एन्झाइमची, गंमत आणखी वेगळी. अनेक लायपेजांच्या सक्रिय केंद्रावर झाकण असतं. पाण्यात ते बहुधा मिटलेलं, स्निग्ध पृष्ठभागाला टेकलं की उघडतं. (हे झाकण मला आजही एन्झाइमशास्त्रातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.)

म्हणून सरांना विचारा : कोणतं एन्झाइम, कुठून जोडलेलं, आणि त्याचा सबस्ट्रेट (ज्यावर ते काम करतं तो रेणू) पटलावर आहे की पाण्यात?