क्यूबावरील व्यापारबंदी आणि अमेरिकी शहरांचे ठराव

प्रश्न : शिकागो, मिनियापोलिस आणि खुद्द वॉशिंग्टन या शहरांच्या परिषदांनी क्यूबावरील व्यापारबंदी उठवावी, असे ठराव मंजूर केल्याचे वाचले. परराष्ट्र धोरण हा तेथे संघराज्य सरकारचा विषय आहे. मग नगर परिषदेचा असा ठराव बेकायदा ठरत नाही का, आणि नसेल तर त्याचा उपयोग काय?

उत्तर : बेकायदा ठरत नाही, कारण असा ठराव कोणावरही काहीच बंधन घालत नाही. शहराने केवळ मत मांडावे, याला न्यायालयांची हरकत नाही; मत मांडण्यापुढे जाऊन शहर किंवा राज्य स्वतःच परराष्ट्र धोरण राबवू लागले, की अडचण येते. मॅसेच्युसेट्स राज्याने १९९६ मध्ये कायदा करून ब्रह्मदेशाशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांकडून सरकारी खरेदी करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तो कायदा एकमताने रद्द केला. त्याच वर्षी फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीलाही असाच दणका बसला. क्यूबाशी आपला कसलाही व्यवहार नाही, असे प्रतिज्ञापत्र अनुदान मागणाऱ्या कलासंस्थांकडून घेण्याची या काउंटीची अट संघराज्य न्यायालयाने रोखली. म्हणजे बंदी सैल करू पाहणाऱ्यांना आणि ती आणखी आवळू पाहणाऱ्यांना नियम एकच आहे.

राहिला उपयोगाचा प्रश्न. हे ठराव साधारण एकाच साच्याचे असतात. ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी पाच-दहा कलमे, मग ‘त्याअर्थी ही परिषद आवाहन करते’, आणि शेवटी ठरावाची प्रत राष्ट्राध्यक्षांना व शहरातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून गेलेल्या प्रतिनिधींना पाठवावी, असा आदेश. माझ्या मते वाचण्याजोगा भाग हाच शेवटचा आहे, कारण व्यापारबंदीची किल्ली आज काँग्रेसच्या हाती आहे. ती पूर्वी तिच्याकडे नव्हती. केनेडी यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये घोषणापत्र काढून ही बंदी लागू केली, आणि पुढची तीन दशके कोणताही राष्ट्राध्यक्ष ती आपल्या सहीने मागे घेऊ शकला असता. फेब्रुवारी १९९६ मध्ये क्यूबाच्या हवाई दलाने मायामीतील निर्वासितांच्या एका संघटनेची दोन छोटी विमाने पाडली, त्यांत चौघांचा मृत्यू झाला, आणि पुढच्याच महिन्यात क्लिंटन यांनी हेल्म्स-बर्टन कायद्यावर सही केली. या कायद्याने व्यापारबंदीला कायद्याचे अधिष्ठान दिले आणि ती उठवण्याच्या अटीही लिहून ठेवल्या. राजकीय कैद्यांची सुटका आणि निवडणुकांची हमी या अटी त्यात आहेतच; शिवाय सत्तांतरानंतरच्या सरकारात फिडेल किंवा राउल कास्त्रो असता कामा नये, अशी नावानिशी अटही आहे. परक्या देशाच्या मंत्रिमंडळात कोण नसावे हे आपल्या कायद्यात लिहून ठेवण्याचा प्रकार विरळाच म्हणायचा.

परवाने देण्याचा अधिकार मात्र राष्ट्राध्यक्षांकडे राहिला. त्याच्या आधारे ओबामा यांनी प्रवास आणि पैसे पाठवण्यावरील निर्बंध सैल केले, आणि त्याच अधिकारातून ट्रम्प यांनी ते पुन्हा कडक केले. परंतु मूळ बंदी ओबामांनाही उठवता आली नाही. मार्च २०१६ मध्ये हवानातील भाषणात त्यांना काँग्रेसलाच तसे आवाहन करावे लागले. या एका बाबतीत राष्ट्राध्यक्ष आणि नगर परिषद, दोघेही अर्जदारांच्याच रांगेत उभे आहेत.

शहरांचा स्वार्थ काय, असेही विचारता येईल. पुष्कळ ठिकाणी तो आरोग्याचा असतो. शिकागोच्या एंगलवुड या गरीब वस्तीत २०१७ मध्ये क्यूबाचे डॉक्टर घरोघर फिरून माता-बालकांच्या आरोग्याची पद्धतशीर विचारपूस करत होते. इलिनॉय विद्यापीठाचा तो उपक्रम होता. बफेलो शहरातील एका कर्करोग संस्थेने क्यूबात विकसित झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगावरील लशीच्या चाचण्या हाती घेतल्या, पण त्यासाठी तिला अमेरिकी सरकारकडून खास परवानगी मिळवावी लागली. अलाबामातील मोबिल शहराचे नाते तर त्याहून जुने आहे. हवानाशी त्याचे १९९३ पासून भगिनी-शहराचे संबंध आहेत, आणि मोबिल वसवणारा फ्रेंच दर्यावर्दी इबरव्हिल १७०६ मध्ये वारला तोही हवानातच.

प्रश्न : ही बंदी अन्नधान्य आणि औषधांनाही लागू आहे काय?

उत्तर : अन्नधान्याला पूर्णपणे नाही. २००० च्या कायद्याने अमेरिकी शेतमालाची क्यूबाला विक्री करण्यास मुभा दिली, आणि २००१ च्या अखेरीस, मिशेल चक्रीवादळानंतर, पहिली खेप रवाना झाली. आज या विक्रीतील सर्वांत मोठी बाब गोठवलेली कोंबडी आहे. मात्र व्यवहार आगाऊ रोखीने किंवा तिसऱ्या देशातील बँकेच्या कर्जावर व्हावा लागतो, अमेरिकी बँकेला त्यासाठी कर्ज देता येत नाही, आणि परकी चलनाची कायम चणचण असलेल्या देशाला हीच अट सर्वांत जड जाते. औषधे आणि वैद्यकीय साधनांची विक्रीही परवान्यानेच होते, व ती कोण वापरणार यावर देखरेख ठेवण्याची अट असते. म्हणून अमेरिकेने अन्न-औषधही पूर्ण रोखले आहे हे विधान जितके चुकीचे, तितकेच या बाबतीत व्यापार मोकळा आहे हे विधानही चुकीचे.

या उधारबंदीच्या अटीमुळेच बंदीविरोधात शेतीप्रधान राज्यांचा आवाज उठतो, आणि मला तो शहरांच्या ठरावांपेक्षा अधिक वजनदार वाटतो. मिनेसोटाच्या डेमोक्रॅट सिनेटर क्लोबुचार आणि कॅन्सासचे रिपब्लिकन सिनेटर मोरन यांनी बंदी उठवण्याचे विधेयक एकत्र मांडले, ते गहू, मका आणि सोयाबीनच्या बाजारावर डोळा ठेवूनच. शिकागोच्या परिषदेला ठराव करून काही गमवायचे नाही; कॅन्सासच्या सिनेटरला स्वतःच्या पक्षाच्या विरोधात जावे लागते.

प्रश्न : बंदी कायम ठेवावी, असे म्हणणाऱ्या स्थानिक संस्थाही आहेत का?

उत्तर : आहेत. दक्षिण फ्लोरिडात, विशेषतः मायामी-डेडमध्ये, १९५९ च्या क्रांतीनंतर घरे, कारखाने आणि जमिनी गमावून आलेली कुटुंबे व त्यांचे वंशज मोठ्या संख्येने राहतात, आणि तेथील बहुतेक लोकप्रतिनिधी बंदीच्या बाजूचे आहेत. जप्त मालमत्तेचा वापर करणाऱ्या कंपन्यांवर खटले भरण्याची हेल्म्स-बर्टन कायद्यातील तरतूद प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने स्थगित ठेवली होती. ट्रम्प सरकारने मे २०१९ मध्ये ती खुली केली, तेव्हा पहिले दावे दाखल झाले तेही मायामीच्याच न्यायालयात.