शाळेत स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग (खेळासाठी ताकद न् शरीर तयार करणं) शिकवायची नोकरी कशी असते? बी.पी.एड. झालंय, ऑफर आलीय, जॉइन होऊ का?

जॉइन व्हा, पण जिमचं डोकं गेटबाहेर ठेवून या. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं जिमला ट्रेनर होता आणि आता एक हायस्कूल आठवी ते दहावीच्या पोरांसाठी बोलावतंय. मी सांगली जिल्ह्यात एका विनाअनुदानित हायस्कूलला हेच करतो, नववं वर्ष चालू आहे. कागदावर क्रीडा शिक्षक, पोरांसाठी पीटीचे सर, आणि गणिताच्या मॅडम रजेवर असल्या की ऑफ तासाला हक्काचा माणूस.

जिमला येणाऱ्याला वजन वाढवायचं असतं. शाळेत माझा निम्मा वेळ पोरांना थांबायला शिकवण्यात जातो. खो-खोत बघा ना, पळणारी पोरगी बसलेल्या आठ जणींमधून नागमोडी जाते म्हणजे दर दोन-तीन पावलांना ब्रेक मारते आणि तो ब्रेक सगळा गुडघ्यावर न् नडगीवर येतो. आमच्याकडे नववीतली एक पोरगी होती, वाऱ्यासारखी पळायची पण दर सीझनला गुडघा धरून बसायची. तिला व्हरांड्याच्या पायरीवरून खाली उडी मारायला लावली तर उतरताना दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांना टेकले. वयात आल्यावर मुलींमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती त्याच खेळातल्या मुलांपेक्षा जास्त होतात, त्यामुळे मी जरा घाबरलोच. तीन आठवडे तिला फक्त पायरीवरून उतरवलं, पावलांचा आवाज आला की परत, बाकी काही नाही. मग वाळूची पिशवी छातीशी धरून बैठका. पोरगी वैतागली, तिच्या आईने तर विचारलं की सर हिला पायऱ्या उतरायला शिकवायला फी घेता का.

सामान म्हणाल तर आमच्याकडे एक बार आहे न् चार प्लेटा, बाकी सगळं जुगाड. तांदळाच्या रिकाम्या पिशव्या टेलरकडून डबल शिवून घेतल्या, आत वाळू, 5 किलो न् 10 किलोच्या. कमरेतून वाकायला शिकवायला प्लंबिंगचा पाइप पाठीवर धरायचा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्हीला टेकलेला राहिला पाहिजे, सुटला की वजन नाही. आठवड्यात दोन दिवस, मध्ये एक दिवस तरी गॅप, एवढं पुरतं.

पालकांचा ठरलेला प्रश्न म्हणजे वजन उचललं की उंची खुंटते का. एक आजोबा तर थेट ग्राउंडवर आले, स्वतः तालमीतले, म्हणे जोर-बैठका मारू द्यात पण लोखंड नको. मी म्हटलं आजोबा, पोरगं आंब्यावरून उडी मारतं तेव्हा पायावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि मी देतोय 10 किलो, ते पण समोर उभा राहून. पटलं की नाही माहीत नाही, पण नातवाला पाठवलं. नीट देखरेखीत केलेल्या व्यायामाने वाढ थांबत नाही. घात होतो तो मित्रांसमोर शायनिंग मारताना उचललेल्या वजनाने, म्हणून बारला कुलूप.

आता कबड्डी. शालेय स्पर्धेत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, आणि पोरं वजनाच्या आदल्या दिवशी जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, भर दुपारी जॅकेट घालून पळतात. माझ्या दुसऱ्याच वर्षी जिल्ह्याला एक पोरगा वजनात बसला आणि मॅचआधी चक्कर येऊन पडला. चूक माझीच, मला आदल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी गप्प बसलो कारण तो आमचा मेन रेडर होता. तेव्हापासून महिनाभर आधी वजन घेतो, बसत नसेल तर टीममध्ये नाही. हेडसरांशी यावरून दोनदा वाजलंय.

सकाळी 7 ला निम्मी पोरं नुसत्या चहावर येतात आणि विचारतात काय, सर प्रोटीन कुठलं घेऊ? मी डबा उघडतो, भिजवलेले हरभरे न् शेंगदाणे. आधी हे खा, मग बोलू.

कंटाळवाणा भाग म्हणजे फिटनेस चाचण्यांच्या नोंदी. 50 मीटर, 600 मीटर, बसून पुढे वाकणं, 62 पोरं, 35 मिनिटांचा तास, स्टॉपवॉच एक. दहावीच्या क्रीडा गुणांचे कागद पण तुमच्याच गळ्यात येणार, त्यात एक तारीख चुकली तर पालक सोडत नाहीत.

पगार जिमच्या पर्सनल ट्रेनिंगपेक्षा कमीच धरा. अनुदानित शाळेत जायचं असेल तर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर लक्ष ठेवा, खासगी असेल तर दोन गोष्टी जॉइन होण्याआधी विचारा. आठवड्याला ऑफ तास किती देणार, आणि स्टोअररूमची चावी कोणाकडे असते. आमची क्लार्ककडे होती, तो साडेदहाला यायचा आणि प्रॅक्टिस सातची, त्यामुळे पहिलं वर्ष वाळूच्या पिशव्या माझ्या स्प्लेंडरवर बांधून घरून आणल्यात.