माश्यांच्या मागे लागून पोट भरेल का?

देवगड तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्सला. बागेत सातेरी मधमाश्यांची पेटी आहे, तिच्यासमोर तासन्‌तास बसते, मधमाश्यांचे व्हिडिओ करते आणि संशोधकच होणार म्हणते. ते विचारतात, ‘माश्यांच्या मागे लागून पोट भरेल का?’

भरेल, पण उशिरा. पदवी, एमएस्सी, पीएचडी धरून दहाएक वर्षं जातात. मात्र तोवर सगळा भार तुमच्यावरच राहील असं नाही. एमएस्सीनंतर नेट या पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. परीक्षा कठीण आहे.

तिला पिकं आणि शेतकरी जवळचे वाटत असतील, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्री आणि पुढे कीटकशास्त्र. माशीच्या वागण्याचंच वेड असेल, तर आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. पोळ्यावर माशी उभ्या रेषेशी ज्या कोनात थरथरत चालते, तोच कोन बाहेर सूर्य आणि फुलं यांच्या दिशांमध्ये असतो. सोबतिणींना फुलांची दिशा सांगणारा हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. असं काही वाचून तिची झोप उडत असेल, तर दुसरा रस्ता तिचा.

व्हिडिओ बंद करायला सांगू नका. नुसत्या विज्ञानसंवादावर घर चालेल असं आज मी म्हणणार नाही, पण संशोधकाला ही जोड फार मोलाची आहे. मोहरावर फवारणी करणाऱ्या बागायतदारापर्यंत इंग्रजी शोधनिबंध पोचत नाही. त्याच्या बोलीत, नोंदी दाखवून बोलणारं माणूस कोकणाला हवंच आहे.

तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत ती म्हणते, मधमाशी नसेल तर हापूस धरणार नाही. हे तिने तपासायला हवं. आंब्याच्या मोहरावर परागीभवनाचं बरंचसं काम मधमाश्या नव्हे, तर घरमाशीसारख्या इतर माश्या करतात. यंदा मोहर आला की सकाळी एका फांदीसमोर दहा-दहा मिनिटं बसून कोण कोण येतं ते तिने वहीत लिहावं. तारीख, वेळ, ऊन की ढग, शेवटची फवारणी कधी, सगळं. मग तेच काजूच्या मोहरावर. त्या दोन याद्या समोरासमोर ठेवून पुढचा व्हिडिओ करू दे. शास्त्रज्ञाचं शिक्षण तिथेच सुरू होतं, प्रवेश मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.

सुट्टीत पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. कृषी प्रवेशासाठीची सीईटी आणि आयसरची प्रवेश परीक्षा आयएटी, दोन्हींचे फॉर्म वेळेत भरा. आणि परीक्षेच्या दिवसांत पेटी तुम्ही सांभाळा.