सरकारी कर्ज आणि संरक्षण खर्च : या अभ्यासातून नोकरी मिळते का?

प्रश्न : माझी मुलगी कराडला टीवायबीएला आहे, विषय अर्थशास्त्र. सरकार कर्ज कसं काढतं आणि देशाच्या संरक्षणाचा खर्च कसा भागवतं, यावर तिला काम करायचं आहे. नातेवाईक म्हणतात, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. यात खरंच नोकऱ्या आहेत का? – एक पालक

उत्तर : नोकऱ्या आहेत, पण एकाच ठिकाणी नाहीत. लष्करासाठी म्हणून बाजारातून वेगळं कर्ज काढलं जात नाही. कर आणि कर्ज दोन्ही भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य खात्यात, जमा होतात आणि संसदेने मंजूर केलेल्या मागण्यांनुसार (प्रत्येक मंत्रालयाच्या खर्चाच्या प्रस्तावांनुसार) तिथून खर्च होतो. कर्ज उभारणारी माणसं वेगळी, संरक्षण खर्चाचा हिशेब ठेवणारी वेगळी. मुलीने आधी यातली एक बाजू निवडायला हवी.

कर्जाची बाजू मुंबईत आहे. केंद्राच्या रोख्यांचे, म्हणजे कर्जासाठी विकल्या जाणाऱ्या कागदांचे, लिलाव रिझर्व्ह बँक घेते. दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा लिलाव साधारणपणे शुक्रवारी होतो, तर ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचा (सरकारच्या अल्प मुदतीच्या कर्जाचा) बुधवारी. इथे गणित चुकवून चालत नाही. १०० रुपये दर्शनी किमतीचा, ६.५ टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा घ्या. बाजार ७ टक्के परतावा मागू लागला, तर सहामाही व्याज धरून त्याची किंमत ९६.४५ रुपयांच्या आसपास येते. हा हिशेब मुलीला कागदावर स्वतः मांडता आला पाहिजे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ढोबळ (जुन्या कर्जाची परतफेड वजा न केलेलं) बाजार कर्ज १४.८२ लाख कोटी रुपये धरलं होतं. त्यावर व्याज पाव टक्क्याने जरी वाढलं, तरी वर्षाला सुमारे ३,७०० कोटींचा जादा बोजा पडतो.

या कामासाठी एम.ए. अर्थशास्त्र हवंच. पुण्याची गोखले संस्था किंवा मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग, दोन्ही चांगले. पुढे रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी (डीईपीआर, म्हणजे आर्थिक संशोधन विभागातल्या अधिकारीपदाची) किंवा यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा देता येते. आर्थिक सेवेला पदव्युत्तर पदवी लागते आणि वयोमर्यादा २१ ते ३० (राखीव गटांना सवलत). जागा मोजक्या असतात, म्हणून बँकांच्या ट्रेझरी विभागाचा (बँकेचे पैसे रोख्यांत गुंतवणाऱ्या विभागाचा) पर्याय जोडीला ठेवावा. बीएला गणित नसलेली मुलं एम.ए.च्या पहिल्याच सत्रात अडखळतात. तिने कॅलक्युलस आणि सांख्यिकी आत्तापासूनच धरावी.

संरक्षणाची बाजू पदवीनंतर लगेच खुली होते. यूपीएससी नागरी सेवा परीक्षेतून भारतीय संरक्षण लेखा सेवा मिळते. मात्र तिथे पसंतीक्रम देता येतो, सेवेची हमी नसते. एसएससी सीजीएलमधून (कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून) संरक्षण लेखा विभागात ऑडिटर होता येतं, आणि खात्यांतर्गत एसएएस (लेखा सेवेची) परीक्षा दिली की पुढची बढती. या विभागाची मोठी कार्यालयं पुण्यात आहेत. नातेवाइकांना स्थिर नोकरीच हवी असेल, तर मला हा मार्ग बँक क्लार्कपेक्षा तिच्या आवडीच्या जास्त जवळचा वाटतो.

मुलाखतीत हमखास होणारी चूक म्हणजे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातले संरक्षणाचे ६.८१ लाख कोटी हा शस्त्रखरेदीचा आकडा समजणं. त्यात निवृत्तिवेतनच १.६१ लाख कोटींचं होतं आणि भांडवली खर्च (शस्त्रं, विमानं, जहाजं यांच्या खरेदीसारखा) १.८० लाख कोटी. त्याच वर्षी केंद्राचं व्याज मात्र १२.७६ लाख कोटी धरलं होतं, म्हणजे संरक्षणाच्या पावणेदोन पटींहून जास्त. दुसरी चूक म्हणजे फक्त अंदाजपत्रकी आकडा पाहणं. २०२४-२५ मध्ये भांडवली तरतूद १.७२ लाख कोटी होती. सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष संपत आल्यावर पुन्हा मांडलेल्या आकड्यात, ती १.६० लाख कोटींच्या खाली आली. खरेदीचे करार लांबले की पैसे पडून राहतात आणि ३१ मार्चला ती तरतूद रद्द होते.

सुट्टीत तिला एकच काम द्या. अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावरून संरक्षण मंत्रालयाच्या चारही मागण्या उतरवून घ्यायच्या आणि पाच वर्षांचे अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारीशेजारी मांडायचे. ते करताना रस टिकला, तर एम.ए.च्या प्रवेश परीक्षांची तयारी सुरू करा. कंटाळा आला, तर पदवीनंतर सीजीएलचा अर्ज भरू द्या.