एम३४०आय की जीएलसी ४३? आधी हे बघ

भावा, दोन्ही गाड्या भारी आहेत पण आकडे बघून ठरवू नकोस. एम३४०आय म्हणजे बीएमडब्ल्यूची सेडान, तिच्यात ३ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ३७४ हॉर्सपॉवर, ०-१०० साडेचार सेकंदांच्या आत, आणि जीएलसी ४३ म्हणजे मर्सिडीज-एएमजीची एसयूव्ही, तिच्यात २ लिटरचं चार सिलिंडर, ४२१ हॉर्सपॉवर, तरी १०० ला सेडानच आधी पोचते कारण एसयूव्ही उंच अन् जड. आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला लिमिटच १०० ची आहे, म्हणजे खरी मजा वळणांवर, आणि ताम्हिणी घाटात सेडान जशी रस्त्याला चिकटून जाते ना, ते सुख एसयूव्हीत नाही मिळत, मी तरी डोळे झाकून सेडानच घेईन.

पण सोसायटीचा रॅम्प आणि गल्लीतले स्पीडब्रेकर आधी बघ. सेडानचं पोट घासणार असेल तर रोज जीव खालीवर होतो रे, वर टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, पातळ, एका खड्ड्यात फुगा येतो. टेस्ट ड्राइव्हला आईबाबांना मागे बसव, गुडघेदुखी असेल तर खाली वाकून बसणं त्यांना जमतंय का बघ, नसेल जमत तर सरळ एसयूव्ही घे. आणि गाडी घराजवळ मागव, शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर काहीच कळत नाही.