युरोपात आफ्रिकाकेंद्री उच्च शिक्षण कुठे मिळतं?

जगाकडे आफ्रिकेच्या नजरेतून पाहायला शिकवणारे अभ्यासक्रम सुरू होतात, पण टिकत नाहीत, ही खरी अडचण आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठाने २०१७ मध्ये ब्लॅक स्टडीजची, म्हणजे कृष्णवर्णीयांचा इतिहास, समाज आणि विचार यांच्या अभ्यासाची, पदवी सुरू केली, युरोपातली पहिलीच. इंग्लंडमधल्याच चिचेस्टर विद्यापीठात हकीम अदी हे प्राध्यापक आफ्रिकेच्या आणि आफ्रिकी डायस्पोराच्या (आफ्रिकेबाहेर पसरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या) इतिहासाचा संशोधन अभ्यासक्रम चालवत. आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या, वयाने मोठ्या लोकांनी इतिहासाकडे वळावं, यासाठीच तो आखला होता. २०२३ मध्ये विद्यापीठाने तो थांबवला, हकीम अदी यांनाही काढलं. विद्यार्थी कमी, हे विद्यापीठाने दिलेलं कारण मला मुळीच पटत नाही.

म्हणून नुसती विद्यापीठं शोधू नका, पुस्तकं आणि संग्रहही शोधा. सेनेगलचे इतिहासकार शेख अंता दिओप यांचा, प्राचीन इजिप्त आफ्रिकीच होता हे मांडणारा ग्रंथ १९५४ मध्ये पॅरिसच्या 'प्रेझाँस आफ्रिकेन' या प्रकाशनसंस्थेने छापला. लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या जॉर्ज पॅडमोर इन्स्टिट्यूटचा, ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा, दस्तऐवज-संग्रहही जरूर पाहा.